हिंदमाताचा रिकामा खण

दादर स्थानकाच्या पूर्वेस उतरून डॉ. आंबेडकर मार्गाने परळच्या दिशेने चालत गेले की थोड्याच वेळात हिंदमाता येते. चौकाला हे नाव तेथील चित्रपटगृहावरून पडले. मुंबईबाहेरच्या वाचकांना मात्र तो दोनच कारणांनी ठाऊक असतो : कापडाची दुकाने, आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून दिसणारे गुडघाभर पाणी.

नव्वदच्या दशकात बँकेच्या सेवेत असताना कॅश क्रेडिट खात्यांच्या मालतपासणीसाठी मला या बाजारात वारंवार यावे लागे. एका साड्यांच्या पेढीत कपाटांचा सर्वांत खालचा खण रिकामा पाहून मी कारण विचारले. शेठजी हसून म्हणाले, “साहेब, जूनपासून तो खण पावसाचा.” मी अहवालात ‘साठा समाधानकारक’ असा शेरा लिहिला. रिकाम्या खणाची नोंद घ्यावी, असे काही मला सुचले नाही.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा तेथे गेलो. गादीवर आता शेठजींचे चिरंजीव बसतात. कपाटांचे खालचे दोन खण रिकामे होते.

हा चौक भोवतालच्या मानाने बशीसारखा सखल आहे. मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाजणांत भर घालून ती एकसंध झाली. त्यामुळे पाण्याला समुद्राकडे जाण्यासाठी पुरेसा उतारच मिळत नाही. शहराच्या बहुतेक पर्जन्यवाहिन्यांची मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वेळी जोरदार पाऊस आला, तर पाणी जाणार कोठे? शिवाय जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या, आणि त्यातलेही निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे गृहीत धरले होते. काँक्रीटच्या शहरात ते मुरत नाही. ‘ब्रिमस्टोवॅड’ या आराखड्याने १९९३ साली हे प्रमाण तासाला ५० मिलिमीटर करावे, मुरण्याचा भरवसा सोडावा, असे सुचवले. अहवाल बराच काळ कपाटातच राहिला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच काळात ७५ मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरात एवढे अंतर! त्यानंतर कामांना वेग आला. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उदंचन केंद्रे झाली. भरतीच्या वेळी समुद्राकडची दारे बंद करायची आणि आतले पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकायचे, ही त्यांची रीत. हिंदमाताचे पाणी रे रोडजवळच्या ब्रिटानिया केंद्राकडे जाते. वाटेत रस्ता लांब आणि उतार अगदी थोडा, म्हणून केंद्र सुरू होऊनही चौक तुंबतच राहिला.

मग २०२१-२२च्या सुमारास वेगळा विचार झाला. दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. चौकातले पाणी तेथे नेऊन थोपवायचे, आणि ओहोटी लागली की सोडायचे. मैदानाच्या कडेला उभा राहून मुलांचा खेळ पाहताना पायाखाली एवढी पोकळी आहे, हे मनाला पटत नव्हते. आम्हा बँकवाल्यांना ही व्यवस्था चटकन समजावी. अल्पमुदतीची ठेवच ती. पाणी लवकर हटवण्याचा ध्यास आपण शतकभर धरला; त्याला थांबायला जागा द्यावी, हे मात्र उशिरा सुचले. रस्ताही उंचावला गेला. वाहने वरून निघून जातात, त्यांना ते उत्तमच. पण दुकानांचे उंबरे होते तेथेच आहेत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

टाकीचे माप शेवटी जुन्या पावसाच्या आकड्यांवरून ठरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीनशे चौरस फुटांच्या दुकानाच्या छपरावर १०० मिलिमीटर पडला, तर सुमारे २,८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची चौदा पिंपे. ती दिवसभरात वाहून गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही; तासाभरात आली तर उंबरा ओलांडतात. आणि सरी तशाच होत चालल्या आहेत. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाच वर्षांपूर्वीच्या ताळेबंदावर आज कोणी कर्ज मंजूर करत नाही. वाहिन्यांची मापे मात्र अनेक दशकांपूर्वीच्या सरासरीवर उभी आहेत.

चिरंजीवांना मी दुसऱ्या खणाविषयी विचारले. ते म्हणाले, “काका, पाणी वाढले हे खरे, पण नुकसान तारखेने केले.” २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, गेल्या पाऊण शतकातील हे सर्वांत लवकरचे आगमन. नालेसफाईची मुदत ३१ मे. पेढीचा रिवाज जूनचा. त्या दिवशी खालचा खण लग्नसराईच्या साड्यांनी भरलेला होता. विम्यात पुराचे कलम होते, त्यामुळे रक्कम बहुतेक मिळाली. पण ऐन हंगामातली गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानांत गेली, आणि त्या गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी कोठलेच कलम नव्हते.

“आता आम्ही १५ मेलाच खाली करतो,” ते म्हणाले.

गल्ल्यामागे पंचांगाच्या शेजारी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक टांगलेले होते. बाहेर आभाळ भरून आले होते. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवले, भरतीची वेळ पाहिली आणि नोकराला तिसऱ्या खणातले गठ्ठेही माळ्यावर न्यायला सांगितले.