तिसऱ्या टप्प्यावरचा मुसराद

वैशाखातल्या एका रविवारी सकाळीच आम्ही पणजीहून निघालो. जुने गोवे मागे पडले, बाणस्तारीच्या पुलाखाली कुंभारजुव्याचे संथ पाणी दिसले आणि माशेलचा बाजार ओलांडल्यावर रस्त्याला सावली लागली. सावई-वेरेम जवळ येऊ लागले की ही सावली अशी दाट होते, की पणजीत घामाने भिजलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच ऋतूत आलो असे वाटावे. तिथे माझे आजोळ आहे. मामांचा निरोप आला होता, "तिसऱ्या टप्प्यावरच्या झाडाला फळ धरले आहे. तू असल्याशिवाय कापणार नाही." या निरोपात थोडा टोमणाही होता. तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

इंदूर-बडोद्याकडच्या ज्या वाचकांनी गोव्याचे कुळागर पाहिलेले नाही, त्यांना बाग म्हटल्यावर जे चित्र दिसते ते बाजूला ठेवावे लागेल. डोंगराच्या कुशीतून झरा निघतो. त्याचे पाणी पाटाने फिरवीत खाली आणायचे आणि उतारावर दगडी बांध घालून एकाखाली एक टप्पे करायचे. त्यांवर सुपारी, सुपारीच्या खोडावर मिऱ्याची वेल, मधूनमधून माड आणि केळी, कडेला भिरंड, नीरफणस, जाम. आंब्याला ऊन हवे, म्हणून त्याला मोकळ्या कडेची जागा. सगळे एकमेकांत इतके मिसळलेले, की नवख्याला ते रानच वाटते. रानात आणि कुळागरात फरक एवढाच, की कुळागरातले प्रत्येक झाड कोणीतरी लावलेले असते आणि कोणाच्या तरी ध्यानात असते.

आजोबांच्या वेळी हे ध्यानात ठेवणे सोपे होते. आंब्याची झाडे सारी अकरा. विहिरीवरचा, मांगराकडचा, वाटेवरचा अशी त्यांची नावे, आणि घरातल्या पोरासोरांनाही ती पाठ. मामा शाळामास्तर. २००४ साली निवृत्त झाल्यावर त्यांना गोव्याच्या आंब्यांच्या जाती गोळा करण्याचा नाद लागला. कुठे जुने झाड आहे असे कळले, की पिशवीत चाकू आणि ओले फडके घेऊन स्वारी निघायची. मानकुराद, मुसराद, फर्नांदीन, हिलारियो, शावियेर, माल्जेस, बिशप, कुलास! नावे ऐकताना चर्चच्या प्रार्थनेला आलेल्या मंडळींची यादी वाचतो आहोत असे वाटते.

या नावांमागे चारशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. पोर्तुगीज अमलात, मुख्यतः ख्रिस्ती धर्मगुरूंच्या प्रयत्नांनी, इथे भेट कलमे बांधण्याची पद्धत रुजली. कोयीपासून वाढलेले आंब्याचे झाड सहसा आईसारखे फळ देत नाही. कलमाने मात्र चांगले झाड जसेच्या तसे पुढे नेता येऊ लागले, आणि म्हणूनच त्याला कायमचे नाव देण्यात अर्थ आला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने मुंबई बेटावरील आपल्या एका आंब्याविषयी लिहून ठेवले आहे, की तो वर्षातून दोनदा फळतो. एका विशिष्ट झाडाची ही लेखी नोंद साडेचारशे वर्षांपूर्वीची. ते झाड कधीच गेले असेल, पण नोंद राहिली.

नावे मात्र टिकतातच असे नाही, आणि टिकली तरी बदलतात. आफोंस या पोर्तुगीज नावाचा आपण हापूस केला. 'माल कोरादा' म्हणजे रंगाने फिका. त्याचा मानकुराद झाला आणि ज्या आंब्याला रंगावरून हिणवले, तोच गोवेकरांच्या जिवाचा झाला. २०२३ साली गोव्याच्या मानकुरादाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दोन गावांतले दोन मानकुराद मामांनी शेजारी ठेवून दाखवले तेव्हा ते सख्खे भाऊही वाटेनात. तेव्हा झाड देणाऱ्याने सांगितलेले नाव हे सांगितलेलेच नाव होय; ते खरे की नाही, हे फळच ठरवील.

आता माझा दोष सांगते. २०१५ च्या पावसाळ्यात मी आठ दिवस आजोळी होते. मामा कोय कलमे बांधीत होते. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या दांड्यावर चीर द्यायची, तीत हव्या त्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची, असे ते काम. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डब्याच्या पट्ट्या कापून, त्यांवर बॉलपेनने सुरेख अक्षरात नावे लिहून मी त्या रोपांना बांधल्या. मामांनी वहीत लिहिले, "मुसराद २, मानकुराद ३, तिसरा टप्पा." दोन पावसाळ्यांनंतर पट्ट्या होत्या तशा होत्या, अक्षरे मात्र उडून गेली होती. पाचांपैकी तीन रोपे जगली होती, आणि त्यांतले कोणते काय, हे वही सांगू शकत नव्हती.

त्या वेळी कोणाला फारसे वाईट वाटले नाही. मुसरादाचे मूळ झाड, आजोबांच्या हातचे, मांगराकडे उभे होतेच. मामी दर वर्षी त्याच्या फळांचे मांगाड करी. गूळ-साखरेत आटवलेल्या आंब्याचा तो गोड ठेवा बरणीत भरून आम्हा भाचरांच्या घरी पोहोचे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि त्या रात्री मांगराकडचा मुसराद मुळासकट आडवा झाला. पडलेल्या झाडाच्या काड्या वेळीच घेतल्या असत्या तर कलमे झाली असती. पण मामा तेव्हा कोरोनाने इस्पितळात होते. तीन आठवड्यांनी ते घरी आले, तोवर वाट मोकळी करण्यासाठी लाकूड तोडून नेलेले होते. पडलेली फळे मामीने गोळा केली होती. त्या वर्षीची बरणी तिने कितीतरी दिवस उघडलीच नाही.

मामा मला फोनवर म्हणाले, "झाड गेले, ते जायचेच होते. पण त्याची मुले दारात उभी असतील आणि मला ओळखता येत नाहीत, हे बरे नव्हे."

पाने चुरून वास घेऊन पाहिला. त्यावरून तर्क करता येतो, खात्री होत नाही. वाट पाहण्याशिवाय उपाय नव्हता. २०२२ साली तिघांपैकी पहिले झाड फळले. तो मानकुराद निघाला. २०२४ साली दुसरे फळले. फळ लहान, धागेदार, आंबटगोड. तो कोणत्याच जातीचा नव्हता. वर बांधलेली काडी केव्हातरी मेली होती आणि खालच्या खुंटाला फुटलेला कोंब झाड होऊन बसला होता! माझी चिठ्ठी शाबूत राहिली असती, तर या रायवळाला आम्ही आणखी काही वर्षे मुसराद समजून पाणी घातले असते. मामीने त्याचे सासव केले आणि ते उत्तम झाले, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणानंतर मामांनी सगळी पद्धतच बदलली. घरी चार-दोन कलमे लावून पुढे नाद वाढलेल्या वाचकांना ती उपयोगी पडेल, म्हणून थोडी सविस्तर देते. आता प्रत्येक झाडाला नावाऐवजी क्रमांक आहे. नाव चुकू शकते, बदलू शकते. क्रमांक बदलत नाही. झाड मेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. वहीत आज शहाण्णव क्रमांक आहेत आणि जिवंत झाडे एकाहत्तर. मेलेल्या पंचवीसांपुढे कशाने मेले ते लिहिलेले आहे. खोडकिडा, पाणी साचणे, आणि एके ठिकाणी प्रामाणिकपणे, "माझा हलगर्जीपणा."

क्रमांक ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर खिळ्याने कोरलेला असतो. शाई नाही, तेव्हा उडण्याची भीती नाही. पट्टी खोडाला आवळायची नाही, कारण खोड वाढते आणि तार सालीत रुतते. ती कलमाच्या सांध्याच्या वरच्या बाजूस, फांदीला सैल अडकवायची आणि दर पावसाळ्याआधी तार ढिली करायची. पट्टी गळून पडली, माकडांनी ओढून नेली, तरी अडू नये म्हणून वहीच्या मधल्या पानावर कुळागराचा नकाशा आहे. घर, विहीर, पाट आणि सहा टप्पे. प्रत्येक टप्प्यावर डावीकडून उजवीकडे क्रमांक.

वहीचे रकाने मास्तरांच्या हजेरीपटासारखे आखलेले आहेत. काडी कोणाकडून, कोणत्या गावची, देणाऱ्याने सांगितलेले नाव, कलम बांधल्याची तारीख, लावल्याची जागा, पहिला मोहर, पहिले फळ, मग वर्षवार फळांची संख्या. या शेवटच्या रकान्याचा लाभ मामांना अनपेक्षित होता. पूर्वी एखाद्या वर्षी आंबा आला नाही की खताचे, तुडतुड्यांचे, नाही तर शेजाऱ्याच्या नजरेचे नाव पुढे येई. दहा वर्षांचे आकडे ओळीने पाहिल्यावर कळले, की काही झाडे एक वर्ष भरभरून देतात आणि एक वर्ष विश्रांती घेतात. त्यांचा तो स्वभावच आहे. सगळ्यांत महत्त्वाचा रकाना मात्र अगदी कडेला आहे. त्याचे शीर्षक, "फळ पाहून खात्री." तो बहुतेक ठिकाणी अजून रिकामा आहे. रिकामा रकाना पाहून मामांना संकोच वाटत नाही. खोट्या भरलेल्या रकान्याचाच त्यांना धाक बसला आहे.

मामांच्या नातीने ही सारी वही संगणकावर उतरवली आहे आणि प्रत्येक झाडाचे छायाचित्रही काढले आहे. पहिल्या वेळची छायाचित्रे फोन बिघडला त्याबरोबर गेली. तेव्हापासून प्रत दोन ठिकाणी असते. तरी मूळ वही मांगरातल्या खुंटीला, मेणकापडाच्या पिशवीत. झाडापाशी उभे राहून जे लिहिले जाते तेच खरे, घरी जाऊन आठवून लिहिलेले नव्हे, असा त्यांचा नियम.

तर आम्ही पोहोचलो. तिसऱ्या टप्प्यावर ते झाड बांधाच्या कडेला उभे होते, पट्टीवर ४३. यंदा त्याला सात फळे धरली होती. दोन अवकाळी पावसाने गळली, दोन माकडांनी नेली. उरलेली तीन मामीने पेंढ्यात पिकत घातली होती. जेवणे झाल्यावर ओसरीच्या सोप्यावर आम्ही सगळे बसलो. मामीने एक फळ हातात घेतले, देठाशी नाक नेले आणि काही वेळ बोललीच नाही. मग कापले, फोड खाल्ली, दुसरी माझ्या हातावर ठेवली.

"अगो, तू सांग," ती म्हणाली.

मला तर पहिल्याच घासाला मांगाडाची बरणी आठवली. मी म्हटले, "मुसरादच हा." मामी हळूच म्हणाली, "वास तोच आहे. गोडी थोडी कमी वाटते. पण झाड लहान आहे, पहिलेच वर्ष आहे."

सगळ्यांनी मामांकडे पाहिले. त्यांनी वही उघडली, त्रेचाळीसपुढच्या कडेच्या रकान्यात साल आणि 'मुसराद' असे लिहिले, पण पेन्सिलीने. मी जरा नाराज झालेली पाहून म्हणाले, "तीन फळांची साक्ष आणि आपल्या सगळ्यांची इच्छा एकाच बाजूला आहे, म्हणून पेन्सिल. आणखी एक वर्ष असेच फळ आले, की शाई."

निघताना त्यांनी सांगितले, की शाईची वाट न पाहता या पावसाळ्यात त्रेचाळीसच्या काड्यांची चार कलमे बांधायची. दोन इथे, एक थोरल्या मावशीच्या बागेत, एक आमच्या पणजीच्या अंगणात. वहीची प्रत दोन ठिकाणी, तशी झाडाचीही हवी. पट्ट्या कोरण्यासाठी मला श्रावणात बोलावले आहे. बॉलपेन आणू नकोस, एवढेच बजावले आहे.