शिवारातून उपग्रह ऐकताना

बोटाएवढा डोंगल, डिशची केबल आणि अॅल्युमिनियमच्या दोन कांड्या एवढ्या सामानावर हवामान उपग्रहाचं चित्र थेट उतरवता येतं, हे मुलांना पुस्तकातून सांगून पटत नाही. मी मंगळवेढ्यात भौतिकशास्त्र शिकवतो. इथली रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर पिकते, त्यामुळे ढग हा आमच्याकडे घराघरातला विषय. वर्गातल्या मुलांनी आपल्या डोक्यावरचे ढग स्वतः पकडलेल्या लहरींतून बघावेत, म्हणून मी सॉफ्टवेअर रेडिओच्या मागे लागलो.

डोंगलमध्ये आरटीएल २८३२यू ही चिप असते. ती मुळात युरोपातल्या डिजिटल टीव्हीसाठी केलेली. दूरदर्शनचं प्रक्षेपण दुसऱ्या पद्धतीचं, म्हणून टीव्हीसाठी इथे तिचा उपयोग नाही. पण ही चिप लहरींचे कच्चे आकडेच संगणकाला देऊ शकते, हे फिनलंडच्या अँटी पालोसारी या लिनक्स प्रोग्रामरच्या लक्षात आलं. पुढे २०१२ मध्ये ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. कॉइल आणि कंडेन्सर जे काम करायचे, ते आता गणित करतं.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतंच. डोंगल जोडला, 'एलएसयूएसबी' कमांड दिली तर यादीत तो दिसला. 'आरटीएल_टेस्ट' चालवल्यावर मात्र 'क्लेम इंटरफेस एरर, उणे ६' असा संदेश आला. उणे ६ म्हणजे उपकरण दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. कुणाच्या, ते 'डीमेसेज'मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. लिनक्सच्या कर्नलला हा टीव्हीचाच डोंगल वाटतो आणि त्याचा 'डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू' हा ड्रायव्हर डोंगल जोडल्या जोडल्या त्याचा ताबा घेतो. 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये एक फाइल करून त्या ड्रायव्हरचं नाव ब्लॅकलिस्टला टाकलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. आता उणे ६ जाऊन उणे ३ आला. हा परवानगीचा प्रश्न. साध्या वापरकर्त्याला यूएसबी उपकरण उघडू द्यायचं तर 'यूडेव्ह'चा नियम लागतो. त्यात डोंगलचा ओळख क्रमांक लिहायचा, नियम पुन्हा वाचायला लावायचे आणि डोंगल काढून परत घालायचा. सगळं 'सुडो'ने चालवून वेळ मारून नेता येते, पण मुलांच्या हातात मशीन द्यायचं असेल तर ती सवय नको.

तिसरी अडचण खरी खोल होती. एरर नाही, ट्यूनर, म्हणजे फ्रिक्वेन्सी निवडणारा भाग, ओळखला जातोय, जीक्यूआरएक्स हा रेडिओ ऐकण्याचा प्रोग्राम सुरू होतोय, आणि सोलापूर आकाशवाणीच्या एफएमच्या जागी नुसती खरखर. तालुक्याच्या गावात याबद्दल विचारायला माणूस नसतो, पण लिनक्स काहीही झाकून ठेवत नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ पुन:पुन्हा येत होती, 'पीएलएल नॉट लॉक्ड'. म्हणजे ट्यूनरला सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर होता येत नव्हतं. ऑस्मोकॉमच्या त्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीचा मूळ कोड उघडला तेव्हा कारण सापडलं. माझ्या डोंगलमधला ट्यूनर आर८२८डी जातीचा. जुनी लायब्ररी हे नाव दिसलं की त्याचा स्फटिक १६ मेगाहर्ट्झचा आहे असं धरून चालते. २०२३ पासून बाजारात आलेल्या या नव्या डोंगलवर स्फटिक असतो २८.८ मेगाहर्ट्झचा. भागाकार करून बघा, १.८ येतात. संगणक १०० मेगाहर्ट्झ मागतो आणि ट्यूनर १८० कडे धावतो. एका स्थिर आकड्याने सगळा रेडिओ आंधळा केला होता.

उपाय म्हणजे जुनी लायब्ररी मुळापासून काढायची आणि या डोंगलसाठी सुधारलेली लायब्ररी मूळ कोडवरून स्वतः बांधून घ्यायची. तेवढ्यानेही भागेना, कारण जुनी प्रत एका फोल्डरात शिल्लक होती आणि जीक्यूआरएक्स तीच उचलत होता. प्रोग्राम नेमकी कुठली प्रत उचलतो ते 'एलडीडी' दाखवते. जुनी प्रत पुसली, 'एलडीकॉन्फिग' चालवलं, आणि सोलापूरची बातमीपत्रं स्वच्छ ऐकू आली. शेजारी उभा असलेला अकरावीतला विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे हार्डवेअर पहिल्यापासून बरोबरच होतं!" होतंच. म्हणून मुलांना माझं सांगणं असतं, की डोंगल बदलून आणण्याआधी संदेश वाचा.

मग अँटेना. क्रोएशियातल्या ९ए४क्यूव्ही या कॉलसाइनच्या हौशी रेडिओचालकाने लोकप्रिय केलेली व्ही आकाराची अँटेना हवामान उपग्रहांच्या १३७ मेगाहर्ट्झला पुरते. दोन्ही कांड्या ५३.४ सेंटिमीटरच्या, मधला कोन १२० अंशांचा, दोन्ही जमिनीला समांतर. वायरमनकडच्या स्क्रूच्या कनेक्टरात कांड्या आवळल्या, केबल जोडली आणि अँटेना गच्चीवर उत्तर-दक्षिण आडवी ठेवली. उपग्रह वर आला तरी वॉटरफॉलवर, म्हणजे वरून खाली सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या रंगीत पट्टीवर, उभ्या रेघांची नुसती जाळी दिसत होती. उपग्रह त्या जाळीत बुडालेला.

आणि लाइट गेली. गल्ली अंधारली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि पडद्यावरच्या रेघा एका झटक्यात नाहीशा झाल्या. मागचा निळा पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर हे सगळे रेडिओच्या लेखी छोटे छोटे प्रक्षेपकच असतात. लाइट आली तशी जाळीही परत आली. दोष ना डोंगलचा होता, ना लिनक्सचा. दोष वस्तीतल्या विजेच्या गोंगाटाचा होता.

मग गावाबाहेर एका मित्राच्या रानात गेलो. ज्वारी काढून झालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या. मंगळवेढ्याचा काळा पट्टा सपाट, झाडं तुरळक, त्यामुळे आकाश जवळजवळ क्षितिजापर्यंत मोकळं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी करतानाही मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणं हे जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं. तिथेही आलेले संकेत संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरने सोडवले गेले आहेत. आमच्या रानाला तीच शांतता फुकटात मिळालेली आहे.

सकाळच्या फेरीला रशियाचा मेटिऑर एम२-४ हा हवामान उपग्रह क्षितिजावर आला. १३७.९ मेगाहर्ट्झवर आधी पुसट, मग सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास रुंदीचा ठसठशीत पट्टा. सॅटडम्प या प्रोग्रामच्या चौकोनात ठिपक्यांचा विस्कटलेला ढग हळूहळू चार गठ्ठ्यांत जमू लागला. ते जमले की समजायचं, आकडे बरोबर येतायत. ओळीमागून ओळ उतरत कोकणचा किनारा उमटला. निकट अवरक्त किरणांत पाणी काळं दिसतं, त्यामुळे उजनीचा फुगवटा भीमेवर गडद रेघेसारखा आला. मित्र वाकून बघत म्हणाला, "मास्तर, ह्यात आपलं रान कुठं आलं?" एका ठिपक्यात साधारण एक किलोमीटर मावतो. त्याच्या रानासह सगळं शिवार दोन-तीन ठिपक्यांत होतं. ते मी त्याला बोट ठेवून दाखवलं.

सोपे संकेत देणारे अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ हे उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये एकेक करून बंद झाले. नवख्यांचा मोठा आधार गेला. पण मेटिऑर चालू आहेत आणि त्यांचं प्रक्षेपण सगळ्यांसाठी खुलं आहे. पुढे कुणाला स्वतः प्रक्षेपण करायचं असेल तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची हौशी रेडिओ परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. माझे काही विद्यार्थी तिची तयारी करतायत.

तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांना एवढंच सांगायचं आहे, की प्रयोगशाळेच्या खर्चात हा डोंगल सहज बसतो. घेताना आतला ट्यूनर कोणता ते विचारून घ्या, लायब्ररी त्याच्याच जोडीची बसवा, आणि पहिली चाचणी गावाबाहेर, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून करा.