जांभईबुवा

खिसा ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. खिसा नसला तर माणसाची केवढी पंचाईत होते हे पाहायचे असेल तर जपानात जावे; मात्र १८६८ च्या आधीच्या. त्या काळच्या जपानी पुरुषाच्या अंगात किमोनो असे. बाह्या ऐसपैस, पण खिसा नावाची चीज नाही. बाहीत नाहीतर छातीशी कागद खोचता येई. पण तंबाखूची पिशवी, चिलीम, औषधाची डबी ठेवायची कुठे? आपल्या आज्यांनी कनवटीला पैसे लावले, चंची कमरेला खोचली. जपान्याने डबी दोरीला बांधली, दोरी कमरपट्ट्यामागून वर काढली आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गुंडी अडकवली. या गुंडीचे नाव नेत्सुके. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘त्सुके’ म्हणजे जोडणे.

आता गुंडी ती गुंडीच. लाकडाचा ठोकळा लावला असता तरी भागले असते. पण तंबाखू आली (ती पोर्तुगीजांबरोबर आली असे मानतात, आणि त्यांची गलबते गोव्याहूनच मकावमार्गे नागासाकीला जात, तेव्हा या प्रकरणात आपल्या गोव्याचाही थोडा हात आहे!), व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला, आणि सरकारचा दंडक असा की व्यापाऱ्याने डौल मिरवायचा नाही. मग हौस जाणार कुठे? ती त्या इंच-दीड इंचाच्या गुंडीत उतरली. उंदीर, ससे, भुते, कोळिणी, साधुसंत, सारे जग कोरले गेले. ओसाकात १७८१ साली तलवारीच्या साजासंबंधी एक ग्रंथ निघाला, त्यात पन्नासांहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. गुंड्या करणाऱ्यांची नावे पुस्तकात छापली जावीत, हे मला तरी फार आवडले.

हस्तिदंती नेत्सुके जास्त मिरवतात, पण माझे मन लाकडीवर आहे. ‘त्सुगे’ नावाचे एक घट्ट, बारीक कणांचे लाकूड असते. त्यात डोळ्याची पापणीसुद्धा कोरता येते. कारागिराला बंधने किती म्हणाल? कुठे टोक बाहेर येता कामा नये, नाहीतर ते बाहीत अडकेल आणि मोडेल. मूर्ती सगळीकडून, अगदी तळाशीही, पुरी झाली पाहिजे, कारण ती लटकणार आणि फिरणार. शिवाय दोरीसाठी दोन भोके हवीत, तीही रूप न बिघडवता. पुष्कळदा एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठे असते. गाठ त्यात दडून बसावी म्हणून.

आमच्या घरी जो आहे तो दारुमा. दारुमा म्हणजे आपला बोधिधर्म. परंपरा सांगते की हा दक्षिण भारतातला राजपुत्र. चीनमध्ये गेला आणि नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसला. बसून बसून पाय झडले. एकदा डोळा लागला, तेव्हा संतापून त्याने स्वतःच्या पापण्या कापून टाकल्या. त्या पडल्या तिथे चहाची रोपे उगवली म्हणतात! झेन पंथाचा हा आद्य पुरुष. पण जपानी माणसाची भक्ती मोठी मोकळी. बर्फाच्या बाहुल्याला तो ‘युकी-दारुमा’, म्हणजे बर्फाचा दारुमा, म्हणतो; आणि नेत्सुके कोरणाऱ्यांनी तर या महात्म्याला नऊ वर्षांच्या बैठकीनंतर आळस देताना, जबडा फाडून जांभई देताना कोरले. आमचा त्यातलाच.

सौ.चे एक मामा आगबोटीवर होते. त्यांनी तो कधीतरी कोबेहून आणला. चाळीस वर्षे तो आमच्या शोकेसमध्ये कुतुबमिनार आणि सावंतवाडीच्या लाकडी केळ्यांच्या मध्ये बसला होता. मुले त्याला जांभईबुवा म्हणत. पाठीवरची भोके पाहून आम्ही समजत होतो की हा कुठल्यातरी मोठ्या खेळण्याचा सुटलेला भाग आहे. मुलाच्या कचेरीतले एक जपानी गृहस्थ जेवायला आले, त्यांनी तो तळहातावर घेतला आणि ताटावरचे त्यांचे लक्षच उडाले. भोकांच्या कडा दोरीने झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणजे कोणाच्यातरी कमरेला तो खरोखरीच लटकला होता. दीडशे वर्षांचा तरी असावा, असे ते म्हणाले. त्याच आठवड्यात तो कपाटात गेला, कापसात.

त्यानंतर दोन वर्षांनी सौ.ला अर्धांगाचा झटका आला. डावा हात मुठीत मिटला तो मिटलाच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, तो सौ.ने उजव्या हाताने फेकून दिला. “मी काय कुत्रं आहे?” एवढे वाक्य त्या दिवसांत तिने स्पष्ट उच्चारले. एका दुपारी मी कपाट आवरत होतो, तर तिने बोट दाखवून जांभईबुवा मागितला. उजव्या हाताने तो डाव्या मुठीत सारला. टोचेल असे काही त्याच्या अंगाला नाहीच, त्यामुळे तो आत सरकला आणि बसला. बाईंनी तो सगळीकडून चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, चालेल.

मुलाला फोनवर हे कळले आणि तो चपापलाच. “बाबा, अहो तो पडला, फुटला तर? तो लॉकरमध्ये ठेवा.” त्याचे म्हणणे खोटे नाही. अशा वस्तूंना लिलावात चांगली किंमत येते, आणि औषधपाण्याचा खर्च तोच पाठवतो. दोन रात्री मी विचार केला. व्हिएन्नातल्या एफ्रुसी कुटुंबाजवळ २६४ नेत्सुके होती. १९३८ साली नाझींनी त्यांचा वाडा लुटला, तेव्हा ॲना नावाच्या मोलकरणीने ती थोडी थोडी ॲप्रनच्या खिशातून नेली आणि आपल्या गादीत लपवली. युद्ध संपल्यावर परत दिली. त्या घराण्यातले एडमंड डी वाल यांनी २०१० साली हे सगळे लिहिले; एक नेत्सुके ते खिशात घेऊन हिंडत. शौकीन लोक तर हाताळून आलेल्या झिलईलाच मोल देतात.

मग मी गोफाची बारीक दोरी आणली, दोन्ही भोकांतून ओवली आणि गाठ मोठ्या भोकात ओढली. ती आत जाऊन अशी बसली की बोटाला लागेना. दोरीचे दुसरे टोक पलंगाच्या दांडीला बांधले. आता तो हातून सुटला तरी फरशीपर्यंत पोचत नाही. करंगळी अजून उघडत नाही. पण अंगठा उघडतो, आणि दुपारच्या चहाला तो बुवाच्या उघड्या तोंडावर टेकलेला असतो.

मुलाला दोरीचे सांगितले आहे. तो म्हणाला, “गाठ नीट बघत जा.” लॉकरची किल्ली मी परत खिळ्याला अडकवली आहे.