रेवदंड्याची निळी खापरे

आजचा धागा थोडा घरचा आहे. रेवदंड्याच्या किल्ल्यात माझ्या आजोळची वाडी होती. पोफळींची आळी खणताना मातीतून निळ्या नक्षीची खापरे निघत. मामा ती कुंपणाकडे भिरकावून देत. आम्ही मुले त्यांतली चपटी निवडून लगोरी रचत असू. उरलेली मी बिस्किटांच्या डब्यात साठवली. तो डबा आजही माझ्याकडे आहे.

ती चिनी मातीची भांडी. पांढऱ्या अंगावर कोबाल्टने चित्र काढायचे, वर पारदर्शक झिलई चढवून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजायचे, ही चिनी कुंभारांची रीत. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे कोट बांधण्यास घेतला आणि पुढे मकावहून असा माल त्यांच्या जहाजांतून गोव्यास येऊ लागला. एवढे नक्षीच सांगते. पण नक्षी सगळे सांगत नाही.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील प्राचीन मोचे लोकांना लिपी नव्हती. त्यांच्या कुंभारांनी भांड्यांवर प्रसंगच्या प्रसंग रंगवले. त्यांत एक पुरोहित वारंवार दिसतो, चंद्रकोरीसारखे शिरोभूषण ल्यालेला. जगभरच्या संग्रहांत अशी भांडी पुष्कळ, परंतु बरीचशी चोरांनी थडगी उकरून विकलेली. तो पुरोहित कथेतला की खराखुरा, हे त्यांवरून ठरेना. १९८७ मध्ये सिपान येथे वाल्टर आल्वा यांना चोरांच्या हातून वाचलेले थडगे मिळाले, आणि त्यात तशाच साजात पुरलेला माणूस निघाला. चित्राला अर्थ आला तो जागेमुळे.

हे वाचले त्या रात्री मी डबा उघडला. त्यात एक जाड, बेढब खापर आहे, आतून डांबराचा काळा लेप असलेले. असे बिनकानांचे, निमुळत्या बुडाचे कुंभ इराणी आखाताकडून सासानी व आरंभीच्या इस्लामी काळात येत. आपल्याकडे त्यांची खापरे कित्येकदा रोमन म्हणून नोंदली गेली होती. ती चूक रोबर्टा टोंबर यांनी २००७ मध्ये दाखवून दिली.

माझे खापर जर वाडीतले असेल, तर कोटाखालची वस्ती पोर्तुगीजांहून सहा-सातशे वर्षे जुनी असल्याची शंका घेता येईल. चौलच्या खाडीकाठचे असेल, तर त्यात नवल काही नाही. ते बंदर पेरिप्लसकारालाही ठाऊक होते. दोन्हीकडे आम्ही हुंदडत असू. मी चिठ्ठी लिहिली नाही. मामा आता नाहीत.