जुनें छत आणि नवा गिलावा

आमच्या वाईच्या घरांतील माजघराचें छत गेल्या श्रावणांत एके पहांटे खालीं आलें. सगळें नव्हे, खाटेएवढा एक तुकडा आला, पण तो पडला तोही खाटेवरच. आमचें कुटुंब नेहमींच्या संवयीप्रमाणें चार वाजतां उठून मोरीकडे गेलें होतें. उशीवर जो कपचा येऊन पडला होता, तो उचलावयास आम्हांस दोन्ही हात लागले. आम्ही दिवा लावून नुसते पाहत उभे राहिलों. तिनें मात्र पदर खोंचला आणि विचारलें, "आधीं चहा टाकूं, कीं आधीं झाडूं?"

हा गिलावा अवघ्या अडीच महिन्यांचा होता. अर्थात् आमचा सगळा संताप गवंड्यावर गेला. त्याच्या मजुरीपैकीं साडेचार हजार रुपये पावसाळा पाहून देण्याचे ठरलें होतें. ते आतां मिळणार नाहींत, असा निरोप आम्हीं त्याच दिवशीं धाडला. सिमेंटांत हात मारला, वाळूंत माती होती, हें पारावर चार जणांत बोलूनही मोकळे झालों. चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढण्यांत गेलेल्या मनुष्यास चूक कोणाची हें ठरविण्यास वेळ लागत नाहीं.

येथें त्या छताची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. घर आजोबांनीं 1934 सालीं बांधलें. लोखंडी तुळया टाकून दोन तुळयांच्या मधें विटांची बुटकी कमान वळविलेली, जोडकाम चुन्याचें, आणि खालून चुन्याचाच गिलावा. पुढें पन्नास वर्षें दरसाल दसऱ्यापूर्वीं आमचे वडील स्वतः शिडीवर चढून त्यास सफेदी देत. कळीचा चुना पिंपांत विरवावयाचा, फडक्यानें गाळावयाचा, त्यांत थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावयाची. शिडी धरण्याचें काम आमचें. डोळ्यांत चुना उडूं नये म्हणून मान खालीं घालून उभे राहावयाचें आणि वरून कुंचल्याचा आवाज ऐकावयाचा. 1987 सालीं ते शेवटचे चढले. त्यानंतर कोणी पिवळट डिस्टेंपर दिला, देवघराच्या बाजूस समईची काजळी धुतां यावी म्हणून चिरंजिवांनीं तैलरंग फासला, आणि जुना गिलावा ठिकठिकाणीं फुगून पोपडे पडूं लागले.

गवंड्यानें वैशाखांत छत पाहिलें, बोटाच्या पेरानें चार ठिकाणीं वाजविलें आणि म्हटलें, "मास्तर, हे सगळं विटेपर्यंत खरवडायला पाहिजे. टाचे मारायला पाहिजेत. चार-सहा दिवस जास्ती लागतील."

आम्हीं धुळीची सबब सांगितली. मजुरीची सांगितली. खरें कारण सांगितलें नाहीं. वडिलांचा हात ज्यावर पन्नास वेळां फिरला तो थर पत्र्यानें खरवडून उकिरड्यावर टाकावा, हें आमच्या जिवावर येत होतें. जे पोपडे आपोआप निघतील तेवढे काढ आणि त्यावरूनच लाव, असें आम्हीं फर्मावलें. शिवाय फुगवटे दिसतां कामा नयेत, सपाट कर, हेंही सांगितलें. "लावतो," तो म्हणाला, "पण मग मला बोलूं नका." हें वाक्य आम्हांस श्रावणांत आठवलें नाहीं. भाद्रपदांत आठवलें.

तें असें. पडलेले कपचे अंगणांत रचून ठेवले होते. एके दुपारीं त्यांतील मोठा तुकडा आम्हीं उलटा करून पाहिला. पाठीवर सिमेंट दिसेल अशी अपेक्षा. दिसली ती पांढरी पापडी, आणि तिला फिकट निळी झांक. ती नीळ आम्हीं ओळखली. कडेला नखानें उकरलें तों गिलावा आणि ती पापडी यांमध्यें डिस्टेंपरची पिवळी रेघही होती. म्हणजे नव्या गिलाव्यानें आपलें काम चोख केलें होतें. तो घट्ट चिकटला होता. ज्यास चिकटला तेंच निसटलें. सफेदीचे पन्नास थर एकमेकांस केवळ डिंकाच्या आणि पातळ चुन्याच्या आधारें धरून होते. स्वतःचें ओझें ते सहज पेलत. आम्हीं त्यांस अर्धा इंच सिमेंट टांगलें, म्हणजे चौरस फुटास सुमारें अडीच किलो. सिमेंट सुकतांना आकसतें आणि आकसतांना खालच्या थरास ओढतें. पुढें पावसाळी दमटपणानें डिंक मऊ पडला, आणि पहांटे चारला व्हावयाचें तें झालें.

दुसरे तुकडेही पाहिले. देवघराजवळच्यांची पाठ कांचेसारखी गुळगुळीत. तैलरंगांत पाणी मुरत नाहीं, त्यास खडबड नाहीं, तेथें गिलाव्यानें धरावें तरी कशास? उलट, जेथें जुना पोपडा निघून वीट उघडी पडली होती, तेथील गिलावा हातांत वाळूसारखा चुरला. नव्वद वर्षांची कोरडी वीट तहानलेली असते. ती ओल्या गिलाव्यांतील पाणी घोटभरांत पिऊन टाकते. चुना हवेंतील कर्बाम्लवायु घेऊन सावकाश दगड होतो, पण सिमेंटास कठीण होण्यास पाणीच लागतें, आणि तेंच विटेनें नेलेलें. विटेवर आधीं पाणी मारावयास हवें होतें. मात्र माजघरांत चिखल नको, हें सांगणारेही आम्हीच. शिडीवर चढून शाबूत भागावर तळहात फिरविला असतां हात पांढरा झाला. निम्मा गिलावा बद्द वाजत होता. विजेच्या नळीसाठीं जेथें चर खणून वीट खडबडीत झाली होती आणि कारागिरानें तेवढीच ओली केली होती, तेथील पट्टा मात्र छिन्नीनेंही हालेना.

संस्कृत पढलेल्या मनुष्याची खोड अशी कीं, डोळ्यांनीं दिसलेलें पोथींत सांपडेपर्यंत त्यास चैन पडत नाहीं. आम्हीं वराहमिहिराची बृहत्संहिता काढून वज्रलेपाचा अध्याय उघडला. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें यांचा काढा, त्यांत गुग्गुळ, बेलफळाचा गर, आणि लेप कढत असतांनाच लावावयाचा. हें सर्व आम्ही मोठ्यानें वाचीत असतां आंतून प्रश्न आला, "त्यांत छत आधीं खरवडायला सांगितलंय का?" आम्हीं पोथी मिटली.

दुसऱ्या दिवशीं साडेचार हजार रुपये घेऊन गवंड्याच्या घरीं गेलों. काय बोलावयाचें तें वाटेंत ठरविलें होतें, पण दारांत त्याची मुलगी अभ्यास करीत बसली होती, ती "गुरुजी आले" म्हणून उठून उभी राहिली, आणि ठरविलेलें कांहींच बोलवेना. "चूक आमची होती, पारावर जें बोललों तेंही खोटें होतें," एवढेंच म्हटलें. त्यानें पैसे मोजले, खिशांत ठेवले, आणि मग विचारलें, "काकूंना लागलं नाही ना?" निरोप धाडतांना तो तुकडा कोठें पडला होता, हेंही आम्हीं कळविलें नव्हतें. तें त्यास गांवांतून कळलें होतें.

कार्तिकांत तो आला. या खेपेस सिमेंट नको, जुन्या चुन्यास चुनाच बरा, असें त्याचेंच मत पडलें. सहा दिवस खरवडणें चाललें. आम्हीं शिडी धरली. चौथ्या दिवशीं पत्र्यावर आलेली एक पापडी त्यानें खालीं आमच्या हातांत दिली. "ही निळी सफेदी कुणाची, मास्तर?"

"वडिलांची."

त्यानें वर पाहून उरलेल्या थरावरून बोट फिरविलें. "हात सारखा होता. पण थर फार झाले," तो म्हणाला, आणि पुन्हां पत्रा लावला. आम्हीं मान खालीं घातली; चुना डोळ्यांत उडत होता.