दह्यावर फुललेला पाव

पोळी लाटावी, भाकरी थापावी आणि पाव मात्र आणावा, हा आपल्या घरांचा शिरस्ता इतका जुना आणि इतका बिनबोभाट चालत आलेला आहे की त्याच्याविषयी विचार करावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्या स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या तंतोतंत सांभाळले जाते, जिथे पुरणपोळीची कणीक तेलापाण्याचा हात देत देत तार सुटेपर्यंत तिंबली जाते, आणि अनारशाच्या तांदळांचे पाणी रोज न विसरता बदलले जाते, त्या स्वयंपाकघराला अवघड वाटावे असे पावात वास्तविक काहीच नाही. तरीही पाव हवा झाला की पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जावे, हेच आपल्याला स्वाभाविक वाटत आले आहे. या दुराव्याचे कारण पाककलेत शोधण्यापेक्षा आपल्या समाजाच्या इतिहासात शोधावे, असे माझे मत आहे.

पाव ही वस्तू एके काळी उंबऱ्याच्या बाहेरची होती, आणि ती बाहेरच राहावी असा कडक बंदोबस्त होता. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी परमहंस सभा स्थापन केली, तिच्यात दाखल होणाऱ्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन आपण जातिभेद मानीत नाही याची साक्ष पटवावी लागे. आणि ही साक्ष इतकी धोक्याची होती की सभेचा सारा कारभार गुप्तपणे चाले. पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे समोर आली, तेव्हा त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. आणि एवढ्याशा आतिथ्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले ते शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत जाऊन भिडले. वसईकडे आणि गोव्याकडे तर विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्यांतील सत्यासत्याचा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा. परंतु मैद्याच्या एका गोळ्याला सबंध गावाचा धर्म बदलण्याचे सामर्थ्य ज्या समाजाने बहाल केले, त्या समाजाच्या चुलीवर तो गोळा सहजासहजी चढणार नव्हता, हे उघड आहे.

शिवाय पाव फुगतो कशाने, हाही प्रश्न होताच. गोव्यात पोर्तुगीज अंमलात जे पोदेर तयार झाले, त्यांनी यीस्टच्या अभावी माडाची सूर पिठात घालून पीठ आंबवण्याची युक्ती साधली, आणि तिच्यावर उंडे, कांकणे, कातरे अशी पावांची एक सबंध जातकुळी वाढवली. सायकलच्या मागे टोपली बांधून, भोंगा वाजवीत पहाटे गल्लीत शिरणारा तो पोदेर गोव्याच्या जीवनाचा अविभाज्य घटक आहे, आणि त्याच्या लाकडाच्या भट्टीतून निघालेल्या उंड्याची सर घरच्या कोणत्याही पावाला येणार नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण ती भट्टी, ती सूर, ती रात्रभराची जाग हा व्यवसायाचा सरंजाम झाला. संसारी स्त्रीला, किंवा कचेरीतून थकून आलेल्या एकट्या माणसाला, संध्याकाळच्या जेवणात आमटीबरोबर किंवा टोमॅटोच्या साराबरोबर चार गरम पाव हवे असतील, तर त्याची तजवीज निराळ्या वाटेने करावी लागते, आणि ती वाट दह्याच्या भांड्यापासून निघते.

दही आणि खाण्याचा सोडा यांचे सख्य आपल्या बायकांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ढोकळा त्यावर फुलतो, धिरडी त्यावर हलकी होतात. दह्यातील आम्ल सोड्याला भेटले की कर्बवायू मोकळा होतो, आणि तो पिठाच्या ओल्या जाळ्यात अडकून पिठाला उचलतो. अर्धा चहाचा चमचा सोडा म्हणजे अदमासे अडीच ग्रॅम. त्यातील सगळा वायू मोकळा झाला, तर तो पाऊण लिटरच्या आसपास भरेल. चिमटीत मावणाऱ्या शुभ्र भुकटीत एवढा वारा कोंडलेला असावा, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. त्याला ऊब लागते, खाद्य लागते, आणि मुख्य म्हणजे मुदत लागते. सोड्याला मुदत देता येत नाही. आम्ल आणि ओलावा भेटला की त्याचे काम त्याच क्षणी सुरू होते, आणि ते तहकूब करण्याची कुणाला मुभा नसते. म्हणून यीस्टचा पाव भिजवून माणूस बाजारहाट करून येऊ शकतो. दह्यावरचा पाव भिजवला की मात्र त्याच्यापाशी उभे राहावे लागते. हा पाव झटपट होतो म्हणून लोक त्याला आळशाचा पाव समजतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्याला वेळ थोडा लागतो, पण तेवढ्या वेळात तो सगळे लक्ष मागतो.

आयर्लंडमधील गरीब शेतकऱ्यांनी ही विद्या एकोणिसाव्या शतकात आत्मसात केली. तिकडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला लागणारा चिवटपणा त्यात कमी. पण लोणी काढल्यावर उरणारे आंबट ताक घरोघर, आणि सोडा स्वस्त. ते लोक झाकणाच्या जड बिडाच्या भांड्यात पिठाचा गोळा ठेवीत, त्यावर सुरीने फुलीसारखा छेद देत, आणि झाकणावर धुमसते निखारे रचीत. त्याच शतकात, 1843 साली, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर सिद्ध केली. कारण एवढेच की त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, आणि तिला पाव खाता यावा अशी त्याची इच्छा होती. जगातील लाखो घरांत आज जो डबा असतो, त्याचा उगम एका माणसाने आपल्या पत्नीच्या ताटाची काळजी वाहिली त्यात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खाली-वर विस्तव ठेवून भाजण्याची ही रीत आपल्याला परकी नव्हतीच. कोकणात तवसाचे धोंडस असेच होते. आणि वऱ्हाडातले रोडगे? जाडसर कणकेचे, पदरावर पदर चढवून वळलेले ते गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फडक्याने राख झटकायची, हाताने फोडून त्यावर तूप ओतायचे, आणि वरण व वांग्याच्या भाजीशी खायचे. खानदेशात गव्हात थोडा मका दळून, ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून बट्टी करतात. पळसाच्या पानांत पानगे भाजतात. यांपैकी कशालाच यीस्ट लागत नाही, आणि सगळेच पदार्थ संध्याकाळच्या किंवा शेतावरच्या पंक्तीत, सगळ्यांनी मिळून, गरम असताना खायचे आहेत. बेकरीतल्या लादीपावाशी दह्यावरच्या पावाचे नाते दूरचे आहे. त्याची खरी भावकी ही आहे. ज्या घरात बट्टी होते त्या घरात हा पाव पाहुणा म्हणून येत नाही.

आता तपशील सांगते. दोनशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम कणीक घ्यावी. नुसत्या कणकेचेही पाव होतात, पण ते दडस होतात. अर्धा चमचा मीठ आणि अर्ध्याला किंचित कमी सोडा पिठात घालून दोनदा चाळावे, कारण सोड्याचा एखादा खडा तसाच राहिला तर त्या घासाला साबणाची चव येते. मग दोन मोठे चमचे लोणी किंवा थिजलेले तूप पिठाला बोटांच्या टोकांनी चोळावे, इतके की पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे. शंकरपाळ्याच्या मोहनाची ज्याला सवय आहे त्याला याहून अधिक सांगणे नको. नंतर ओवा हातावर चुरडून, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, मूठभर कोथिंबीर अगदी कोरडी करून चिरून, आणि आवडत असेल तर एक हिरवी मिरची बारीक करून घालावी. किसलेले चीज घालण्यास माझी हरकत नाही, परंतु मग मीठ कमी करावे.

दही आंबट हवे. काल रात्रीचे, उन्हाळ्यात दिवसभर बाहेर राहिलेले, ज्याची कढीच करावी असे घरात सगळ्यांचे मत पडते, तेच दही इथे उत्तम. गोड दह्यात सोड्याला पुरेसे आम्ल मिळत नाही, आणि उरलेला सोडा भाजताना कडवटपणा धरतो. अशा वेळी लिंबाचे काही थेंब पिळावेत. या बाबतीत एक जुनी घरगुती कसोटी मी नेहमी वापरते. पिठात चिमूटभर हळद घातली, आणि पाव भाजल्यावर आत तांबूस ठिपके दिसले, तर सोडा जास्त झाला किंवा दह्याचा आंबटपणा कमी पडला असे निःशंक समजावे, कारण क्षाराचा स्पर्श होताच हळद लाल होते. कुंकू करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होते.

सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर घुसळलेले दही मध्यभागी खळे करून ओतावे आणि हाताची बोटे फाकवून एकाच दिशेने फिरवावीत. इथे आपल्या हाताची परीक्षा असते. पिढ्यान् पिढ्या या हाताला तालीम मिळाली आहे ती कणीक मळण्याची, तिंबण्याची, मूठ दाबून पुन्हा पुन्हा वळवण्याची. पीठ समोर आले की तळवा आपोआप जोर धरतो. या पिठाला तो जोर वर्ज्य आहे. जितके मळावे तितका पिठाचा चिवटपणा जागा होतो, वायू निसटतो, आणि पाव आखडतो. कोरडे पीठ दिसेनासे झाले, गोळा ओबडधोबड पण कानाच्या पाळीइतका मऊ लागला, की हात काढून घ्यावा. उत्तम पोळ्या करणाऱ्या सुगरणीला ही माघार सर्वांत कठीण जाते, आणि ती एकदा साधली की या पावात शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

त्या क्षणी गोळ्याकडे नीट पाहावे. वरून तो खडबडीत, निश्चल वाटतो. पण कडेला जिथे दही जरा जास्त मुरले आहे तिथे बारीक बुडबुडे वर येतात, एक फुटतो तोच शेजारी दुसरा उमटतो, आणि कान जवळ नेला तर अतिशय सूक्ष्म अशी चुरचुर ऐकू येते. हीच घाईची सूचना. हाताला पीठ लावून आठ गोळे करावेत, ते गुळगुळीत करण्याच्या मागे लागू नये, वर दुधाचा हात फिरवून तीळ पेरावेत आणि आधीपासून दोनशे अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये अठरा ते वीस मिनिटे ठेवावेत. ओव्हन नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या कढईत, किंवा शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये तळाशी मिठाचा थर पसरून तो दहा मिनिटे तापवावा, आत स्टँड ठेवून त्यावर पावांची थाळी ठेवावी, आणि झाकण घालून मंद-मध्यम आचेवर अर्धा तास भाजावे. वरचा रंग फिका राहतो. शेवटी तव्यावर तूप सोडून माथे क्षणभर टेकवले की तोही येतो. पाव झाला की नाही हे ओळखायला तो उलटा करून बुडावर बोटाने टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर झाला, बद्द आला तर आणखी चार मिनिटे द्यावीत.

असा पाव सुरीने कापू नये. दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकलावा, म्हणजे लसूण आणि ओव्याचा दरवळ वाफेबरोबर वर येतो, आणि आतला पांढरा, किंचित ओलसर, खडबडीत गाभा दिसतो. बेकरीच्या पावासारखे त्याला लांब तंतू नसतात. तो भुरभुरीत सुटतो, आणि सारात बुडवल्यावर चटकन रस पितो. मसुराची दाट आमटी, मटकीची रस्सेदार उसळ, पावसाळ्यात कुळथाचे पिठले, यांच्याशी त्याचे उत्तम जुळते. भाजीत मसाला भरपूर असेल तर पावातली मिरची वगळावी. मुलांना तो नुसत्या लोण्याबरोबर द्यावा.

दुसऱ्या दिवशी मात्र हा पाव कोरडा पडतो, हे आधीच सांगून ठेवणे बरे. यीस्टच्या पावाचा मऊपणा दोन दिवस टिकतो, याचा त्या रात्रीपुरता. उरलेच तर सकाळी आडवे चिरून तव्यावर खरपूस भाजावेत. पण आठ पाव चार माणसांत उरत नाहीत असा माझा अनुभव आहे. दुकानात शेकड्याने मांडून ठेवण्याजोगा हा जिन्नसच नव्हे. ज्याने केला आणि ज्यांच्यासाठी केला, ते एका वेळी एका घरात असावे लागतात, आणि म्हणूनच मी त्याला घरचा पाव म्हणते. तेव्हा पुढच्या खेपेस दही जास्त आंबट झाले म्हणून कढीला लावण्यापूर्वी, त्यातले वाटीभर बाजूला काढून ठेवा.