परमुलखातील पहिले आजारपण
कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 च्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या व ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडी आणि अपरिचित आहार यांमुळे त्यांची प्रकृती खालावत गेली. नऊवारीने थंडी भागेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची 22 वर्षेही पूर्ण नव्हती.

ही सनावळी आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पदवीच्या सनाखाली रेघ ओढायची, थंडीचे आणि जेवणाचे ओझरते सांगायचे, इतकेच.

एका जूनमध्ये, घाटातला पाऊस खोपोलीवर उतरला असताना, कर्जतकडील वाडीवरून पाचवीत आलेला एक मुलगा पहिल्याच आठवड्यात ताट तसेच ठेवून निजून राहू लागला. घरची आठवण येत असेल, असे आम्हीच ठरवून टाकले. (इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्यावाचून निष्कर्ष काढण्याची खोड नसावी!) दोन दिवसांनी कपाळाला हात लावला, तो अंग भाजत होते. रक्ततपासणीत हिवताप निघाला.

बरा झाल्यावर आम्ही विचारले, “सांगितले का नाहीस?”

“सर, घरी पाठवाल म्हणून.”

बाबासाहेबांसारखा शीक, असे सांगून आईने त्याला धाडले होते. आजारी पडणे हा त्याला अपराध वाटला होता.

तेव्हापासून पहिला महिनाभर आम्ही नव्या मुलांच्याच पंगतीला बसतो. कोणी भात टाकला, तर सायंवंदनेनंतर त्याचे कपाळ पाहतो.